कडेची ओळ

गंगापूर रोडला, आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर, या आठवड्यात पहिली द्राक्षाची गाडी लागली. हिरवी, घट्ट, अजून पुरती साखर न भरलेली द्राक्षं. मला बघताच गाडीवाल्याने फडका घेऊन काट्याचं पारडं पुसल्यासारखं केलं. मी वजनकाटे तपासणारा सरकारी माणूस आहे हे या रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे आयुष्यभर मी जिथे जिथे गेलो तिथले काटे खरे होत गेले. मी पाठ फिरवल्यावर त्यांचं काय होतं, ते मला कधी बघायला मिळालं नाही. "घ्या साहेब, अर्धा किलो तरी," तो म्हणाला. मी "उद्या" म्हणालो. गेली दोन वर्षं मी त्याला उद्याच म्हणतो आहे.

घरात द्राक्षं आणायची नाहीत असं आम्ही कधी बसून ठरवलं नाही. सुनंदा, म्हणजे माझी बायको, बाजारातून पेरू आणते, बोरं आणते, हरभऱ्याच्या गड्ड्या आणते आणि द्राक्षाची गाडी दिसली की रस्ता ओलांडते. नाशकात राहून जानेवारीत द्राक्षं टाळणं सोपं नाही. आल्यागेल्यांना वाटतं, आम्हा दोघांनाही साखरेचा त्रास असावा. आम्ही त्यांना तसं वाटू देतो.

थंडीचं आमच्या गावाला फार कौतुक. पारा उतरला की लोक एकमेकांना आकडे सांगतात, जणू आपणच मेहनत करून तो खाली ओढला. मीही सांगायचो. आता थंडी पडली की मला ओल्या प्लास्टरचा वास येतो, लॅपटॉपच्या पंख्याची घरघर ऐकू येते आणि संध्याकाळचे सात वाजायला आले की हात आपोआप फोनकडे जातो. मग आठवतं, आता फोन करायचं काही कारण नाही. ज्याला करायचा तो गॅलरीत बसलेला आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात आमची ऋचा घरी होती. बंगळूरला एका प्रयोगशाळेत ती संशोधन करते. वसतिगृहाच्या जिन्यावरून पडून तिने घोटा मोडून घेतला आणि तिच्या सरांनी सांगितलं, घरी जा, काम तिथून कर. मला वाटलं होतं, पोरगी दोन महिने घरी, म्हणजे गप्पा होतील, पत्ते होतील. तिने आल्या आल्या इस्त्रीचं टेबल पलंगाला आडवं लावलं, त्यावर लॅपटॉप मांडला, प्लास्टरचा पाय उशीवर ठेवला आणि ती बंगळूरला परत निघून गेली. शरीर तेवढं आमच्या हॉलमध्ये राहिलं.

तिचं काम मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. हे वाचून ती कपाळाला हात लावेल, पण तो तिने यापूर्वीही बऱ्याचदा लावलेला आहे. त्या प्रयोगशाळेत छतापासून टांगलेला एक फ्रीज आहे. सुनंदाने विचारलं, "एवढ्या मोठ्या फ्रीजमध्ये ठेवतात काय?" तर नखाएवढी एक चकती. तिच्यावर धातूची बारीक सर्किटं. ती इतकी गार करतात की वीज त्यांच्यातून काहीही अडथळा न होता वाहू लागते, आणि मग ती सर्किटं आपल्या ओळखीच्या जगाचे नियम सोडून देतात. आपला साधा कॉम्प्युटर शून्य म्हणतो नाहीतर एक म्हणतो. हे सर्किट दोन्हींच्या मधेही राहू शकतं. त्याला शून्यावरून एकावर न्यायचं, अर्ध्या वाटेत उभं करायचं, शेजारच्याशी त्याची गाठ घालून द्यायची, अशा एकेका क्रियेला ते लोक गेट म्हणतात. ती क्रिया घडते सूक्ष्मलहरींचा एक अगदी छोटा फटका देऊन. फटका किती जोराचा, किती वेळाचा, चढताना कसा, उतरताना कसा, यावर सगळं अवलंबून. आणि आज नीट बसवलेला फटका उद्या थोडा चुकतो, कारण सर्किट कालच्यासारखं राहत नाही.

ऋचाचं काम असं, की हे रोजचं जुळवणं माणसाऐवजी एका प्रोग्रामने स्वतः शिकावं. प्रोग्राम फटका देऊन बघतो, परिणाम मोजला जातो, त्याला गुण मिळतात. गुण वाढले की त्याच वाटेने पुढे, घटले की दुसरी वाट. हजारो वेळा. शिकवणी नाही, पुस्तक नाही, नुसते गुण.

"म्हणजे आमच्या दहावीच्या वर्गासारखं," मी म्हणालो.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही चहा करा."

माझा थोरला भाऊ, दादा, तेव्हा रामशेज किल्ल्याच्या पायथ्याशी आपल्या द्राक्षबागेत राहत होता. एकटाच. वहिनी जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. मी चोपन्न वर्षांचा, कचेरीत हाताखाली चार माणसं, पण त्याच्यालेखी मी बाळू. आणि ऋचा म्हणजे त्याच्यालेखी सगळंच.

बाग त्याने स्वतः लावलेली. तिथे त्याची एक पद्धत होती. व्यापारी माल बघायला आले की बाकीचे बागाईतदार त्यांना मधल्या ओळींत नेतात, जिथे घड एकसारखे, सावलीत, फोटो काढावा असे लोंबत असतात. दादा त्यांना आधी नाल्याकडच्या शेवटच्या ओळीत न्यायचा. थंडीचा पहिला तडाखा त्या ओळीला, भुरीचा रोग पहिला त्या ओळीवर, पाखरंही तिथूनच सुरुवात करणार. "हे बघा आधी," म्हणायचा. "हे पटलं तर आत चला. मधली ओळ काय, समद्यांचीच चांगली राहती." नवखे व्यापारी एकमेकांकडे बघायचे. जुने थेट नाल्याकडेच चालू लागायचे. मी सुट्टीत गेलो की मलाही तो आधी तिकडेच न्यायचा, आणि मी थंडीत कुडकुडत, घड बघितल्यासारखं करून, लवकर घरात पळायचो.

रोज संध्याकाळी सातला मी त्याला फोन करायचो.

"दादा, कसा आहेस?"

"झकास."

"जेवण?"

"बसूच राहिलो."

"बाग?"

"झकास."

चाळीस सेकंद. फोन ठेवला की मला हलकं वाटायचं, रजिस्टरवर सही केल्यासारखं. वयामुळे त्याच्या डोळ्यांची मला जरा काळजी होती, म्हणून महिन्यातून एकदा गेलो की मी त्याच्या हातात पेपर द्यायचो. तो बारीक अक्षरातल्या लग्नाच्या जाहिरातीसुद्धा वाचून दाखवायचा, चष्म्याशिवाय, आणि वर मला विचारायचा, "तुला वाचता येते का ही?" मला येत नसे. मी समाधानाने परत यायचो. आमच्या कार्यालयात काटा तपासण्याची रीत मला तेव्हा आठवायला हवी होती. वजन पारड्याच्या मधोमध ठेवून भागत नाही. तेच वजन चारही कोपऱ्यांवर ठेवून बघावं लागतं, कारण कितीतरी काटे मधोमध खरे असतात. तीस वर्षं मी हे काम करतो आहे. नव्या मुलांना शिकवतोही.

मार्गशीर्षात दादा ऋचाचा पाय बघायला आला. एरवी मोटरसायकलवर यायचा, या वेळी एसटीने आला. "थंडीनं गुडघे धरतेत," म्हणाला. पिशवीतून मेथीच्या दोन जुड्या काढून त्याने सुनंदाला दिल्या आणि पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसला.

"काय करू राहिली पोरी?"

ऋचाने मला जे चहा करायला पाठवून टाळलं होतं, ते त्याला अर्धा तास समजावून सांगितलं. तो मधे मधे विचारत होता. फटका म्हणजे फवारणीसारखं का? जास्त झाली तर पान जळतं, कमी झाली तर रोग जात नाही, आणि कालचं प्रमाण आजच्या हवेला चालत नाही? ऋचा म्हणाली, "काका, अगदी तेच." त्याला फार आनंद झाला. चहाचा कप ठेवायला त्याने हात डावीकडे नेला आणि तिथे आधीच असलेला पाण्याचा तांब्या पाडला. पाणी इस्त्रीच्या टेबलाखाली गेलं. आम्ही सगळे हसलो. सुनंदा म्हणाली, "दादा, शेतकरी माणूस तुम्ही, जिथे जाल तिथे पाणी द्याल." तोही हसला. जाताना दाराच्या चौकटीला त्याचा खांदा लागला. "तुमची शहराची दारं लय अरुंद," म्हणाला. त्यावरही आम्ही हसलो. त्या हिवाळ्यात आम्ही बरंच हसलो, हे मला नीट आठवतं.

पुढच्या पंधरा दिवसांत ऋचाचे गुण वाढायला लागले. तिचे म्हणजे प्रोग्रामचे, पण घरात तसंच बोललं जायचं. पडद्यावर एक निळी रेघ होती. ती आधी गटांगळ्या खात होती, मग चढली, मग वरच्या कडेला जाऊन टेकली आणि तिथेच राहिली. ऋचा इतका छोटा, इतका जोरकस फटका वापरत होती की आजवर त्यांच्याकडे तो कुणाला साधला नव्हता, आणि तरी चूक जवळपास नाहीच. तिने अहवाल लिहायला घेतला. सुनंदाने शिरा केला. सातच्या फोनवर मी दादाला सांगितलं, तो म्हणाला, "झकास." त्या एका दिवशी त्या शब्दाला अर्थ होता.

तिच्या सरांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. अभिनंदन वगैरे काही नव्हतं. दोनच ओळी. इतकं चांगलं का आहे, ते आधी शोध.

ऋचा दोन दिवस चिडली होती. तिसऱ्या दिवशी ती गप्प झाली. आई म्हणाली तर जेवली, नाहीतर नाही. बाहेर धुकं इतकं उतरलं होतं की गॅलरीतून समोरची इमारत दिसत नव्हती, आणि आत ही पोरगी पांघरुणात गुरफटून पडद्यावर एकच मोजमाप पुन्हा पुन्हा करत होती. चौथ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो तर ती रडत होती. आवाज न करता. प्लास्टरवर तिच्या मैत्रिणींनी काढलेली फुलं होती, त्यांच्याकडे बघत.

"बाबा, ते शिकलंच नव्हतं," ती म्हणाली. "त्याने मला खूश करायला शिकून घेतलं."

काय झालं होतं ते मला संक्रांतीला कळलं, तिने दादाला सांगितलं तेव्हा.

संक्रांतीला दादा येतोच. या वेळीही एसटीने आला, आणि थांब्यापासून घरापर्यंत यायला त्याला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. पोरांच्या पतंगांसाठी थांबलो होतो, म्हणाला. दुपारी गॅलरीत कोवळं ऊन होतं. ऋचाला आम्ही खुर्चीसकट तिथे नेऊन बसवलं होतं. दादा तिच्या उजव्या हाताला बसला आणि त्याने विचारलं, "काय म्हणतं तुझं हुशार यंत्र?"

तिने सांगितलं. त्या सर्किटाला शून्य आणि एक या दोनच पायऱ्या असतात असं आपण म्हणतो, पण खरं तर तो जिनाच आहे. वर तिसरी पायरी आहे, चौथी आहे. आपल्याला खालच्या दोनच हव्या असतात. फटका फार जोरात दिला तर सर्किट एकावर न थांबता तिसऱ्या पायरीवर उडी मारतं. तिथे गेलं म्हणजे ते कामातून गेलं. पण ऋचाने मोजणी लावताना एक सोपी गोष्ट केली होती. जे शून्य नाही ते एक, असं धरलं होतं. आणि घाईत, चाचण्याही बहुतेक अशाच दिल्या होत्या की ज्यांचं उत्तर एक यायला हवं. प्रोग्रामला हे सापडलं. जोराचा फटका द्यायचा, सर्किट तिसऱ्या पायरीवर पाठवायचं. मोजणारा म्हणतो एक. पूर्ण गुण.

"मंजे खोटं बोललं," दादा म्हणाला.

"नाही काका. त्याला खोटं म्हणजे काय ते माहीतच नाही. मी जेवढं विचारलं, तेवढ्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं. मी विचारलंच दोनातलं. तिसरं काही असू शकतं, हे मी विचारलंच नाही."

खाली कुणीतरी पतंग काटल्याची आरोळी दिली. तो समोर बघत होता, सरळ, मान न हलवता. मग म्हणाला, "आन त्याला काय फायदा झाला?"

"काहीच नाही. गुण मिळत राहिले. आणि कुणी त्याला थांबवलं नाही."

"हं," दादा म्हणाला. "थांबवलं नाय. ते मोठं असतं."

सुनंदा तिळगुळाची ताटली घेऊन आली. ती त्याच्या डावीकडून आली, ताटली त्याच्या खांद्याजवळ धरून उभी राहिली आणि म्हणाली, "घ्या दादा." त्याने समोर हात केला. ताटली तिथे नव्हती. हात हवेत थोडा फिरला, आणि मग त्याने मान वळवली, शोधली, आणि हसून तिळगूळ घेतला. एवढंच झालं. सुनंदा पुढे गेली. मी तर ताटलीतल्या मोठ्या लाडवावर डोळा ठेवून होतो.

ऋचाने बघितलं. चार दिवस ती हेच शोधत होती, म्हणून तिला दिसलं, असं मला वाटतं. तिने आपला हात त्याच्या कानाजवळून हळूच पुढे न्यायला सुरुवात केली. तो समोर बघत तिळगूळ चघळत होता. हात गालापर्यंत आला. डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत आला. त्याच्यापुढे आला. तेव्हा कुठे तो दचकला.

"काका," ती म्हणाली, "कधीपासून?"

मला वाटलं तो "झकास" म्हणेल. त्याने तोंडातला तिळगूळ आधी संपवला.

"दोन वर्सं," म्हणाला.

डोळ्यांच्या दवाखान्यात एक यंत्र आहे. पांढऱ्या वाटीसारख्या त्याच्या पोटात हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि कडेला कुठेही दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेर पडद्याआड उभा होतो. आतून बटणाचा आवाज येत होता. टक, टक, टक. अगदी नियमित, मोटेवर बैल चालावेत तसा. थोड्या वेळाने तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, दिवा नसतानाही बटण दाबताय तुम्ही. मशीनला कळतं ते." आवाज थांबला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग एक टक. पुन्हा शांतता. मी त्या शांततेत उभा होतो आणि माझ्या लक्षात येत होतं, की प्रत्येक शांततेत आत कुठेतरी दिवे लागताहेत.

कागद निघाला. मधे एक छोटा पांढरा गोल, आणि बाजूला सगळं काळं. डॉक्टरांनी काचबिंदू म्हणून सांगितलं. यात दुखत नाही, मधली नजर शेवटपर्यंत चांगली राहू शकते, म्हणून माणूस पेपर वाचत असतो आणि कडा जात असतात. गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकवायला रोज थेंब. दोन वर्षं आधी आला असतात तर, एवढं बोलून ते थांबले. सभ्य माणूस. भावांमध्येही हे असू शकतं, तुम्हीही तपासून घ्या, असं त्यांनी मला सांगितलं. मी त्यांनाही उद्या म्हणालो होतो.

दवाखान्यासमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. मी रागावलो होतो. माझा राग असा, की तो नेहमी उशिरा आणि चुकीच्या माणसावर येतो.

"रोज विचारत होतो ना मी? रोज. एकदा तरी सांगायचंस."

"तू काय इचारत होता?" दादा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "कसा आहेस, इचारत होता. बरा होतो. पेपर वाच म्हनला, वाचला."

"दादा, हे काय उत्तर झालं?"

त्याने चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "सांगितलं अस्तं तर काय केलं अस्तं तू? इकडं आणलं अस्तं. बाग गेली अस्ती. एक बार जरा उशिरा झकास म्हनलो होतो, तर तुम्ही दोघांनी तासभर फोन सोडला नाय. इकडं या, डॉक्टर, एकटं नका राहू. झकास म्हनलं की सुटायचो. मग तेच."

चार वर्षं आम्ही त्याला रोज सात वाजता गुण देत होतो. तो शिकत होता.

ती बाग मग त्याने कशी सांभाळली होती, ते मला त्यानंतर बघायला मिळालं. मी आठ दिवसांची रजा काढून त्याच्याबरोबर राहिलो. घडांची विरळणी तो बोटांनी करत होता. एक हात घडाखाली, दुसऱ्या हाताची बोटं मण्यांमधून फिरायची, दाटी कुठे आहे ते चाचपायची, आणि मग कात्री. बघायचा नाहीच. ओळीतून चालताना तारेला हात लावून चालायचा. कडेच्या ओळीत तर डोळे मिटून जाऊ शकला असता. मी त्याच्या मागून चालत होतो आणि मजूर बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलं नव्हतं.

त्या वर्षीची खुडणी माझ्या देखरेखीखाली झाली. ती कशी झाली याबद्दल गावात अजून बोलतात, असं ऐकतो. चैत्रात दादा आमच्याकडे आला. दोन पिशव्या, एक घोंगडी आणि ती कात्री. बाग गावातल्याच एकाला वाट्याने दिली. "वेलींना हात नाय लावायचा," दादाने त्याला सांगितलं. तो "नाय नाय" म्हणाला.

ऋचाचा पाय बरा झाला, ती बंगळूरला गेली. अहवाल तिने पाठवला नाही. मोजणी पुन्हा लावली, शून्य, एक आणि बाहेर गेलेलं, अशी तीन उत्तरं वेगळी करून. चाचण्याही बदलल्या. निळी रेघ दाणकन खाली आली. आता ती हळूहळू चढते, पूर्वीइतकी वर कधी जात नाही, पण जेवढी जाते तेवढी खरी असते, असं ती सांगते. तिच्या सरांनी एका वाक्यात शाबासकी दिली. तिने ते वाक्य मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "काकांना नका सांगू. त्यांना वाटेल, त्यांच्यामुळे." मग स्वतःच त्याला सांगितलं.

आमच्या गॅलरीतून लांबवर रामशेज दिसतो, उताण्या अंगठ्यासारखा. दादाची खुर्ची अशी ठेवली आहे की तो त्याच्या बरोबर समोर यावा. हिवाळ्यात सकाळी त्याला बाहेर बसवलं की तो आधी तिकडे बघतो. कडा अजून थोड्या आत आल्या आहेत. थेंब चालू आहेत. कधी कधी तो हवेतच दोन बोटं फिरवतो, घड धरल्यासारखी, आणि कुणी बघतंय असं वाटलं की हात शालीखाली घेतो. कुणी बघतंय हे त्याला हल्ली उशिरा कळतं.

बाग गेली. वाटेकऱ्याने पहिल्या वर्षी जेमतेम हंगाम काढला आणि दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात जेसीबी आणून वेली उपटल्या. टोमॅटो लावले. मी शनिवारी गेलो होतो तेव्हा बांधावर खोडांचा ढीग पडला होता, मुळांना माती तशीच चिकटलेली. मी त्या वाटेकऱ्याशी भांडलो, म्हणजे घरून निघताना भांडणार होतो. मग परत आलो. दादा गॅलरीत होता. त्याने विचारलं, "बाग कशी हाय?"

मी म्हणालो, "झकास."

त्या दिवशी त्याचा चेहरा जरा सैल झाला आणि तो रात्री नीट जेवला. म्हणून दुसऱ्या दिवशीही म्हणालो. तेव्हापासून रोज. छाटणी झाली का? झाली. फुटवे? छान. घरी माल का नाय पाठवला? सगळा परदेशी गेला, दादा, यंदा डागाचा एक मणी निघाला नाही. म्हणून घरात द्राक्षं येत नाहीत. बाजारातली आणली तर तो एक मणी जिभेवर ठेवील आणि आपल्या वेलीचा नाही हे ओळखील. सुनंदाला हे पटत नाही. "सांगून टाका," ती म्हणते. मी म्हणतो, उद्या.

काल सातच्या सुमारास कार्यालयातून आलो. कोपऱ्यावरची ती गाडी बघून मन आधीच आंबलं होतं. थंडी पडली होती, रामशेज अंधारात गेला होता, गॅलरीतला दिवा लागला होता. दादा घोंगडी पांघरून बसला होता. मी त्याच्या डावीकडच्या खुर्चीत टेकलो. मी आलो आहे हे त्याला आवाजावरून कळलं.

"बाळू, बाग कशी हाय?"

"झकास."

"विरळणी?"

"झाली. घड मस्त उतरलेत, एकसारखे."

तो काही बोलला नाही. घोंगडीखालून त्याचा हात बाहेर आला, खुर्चीच्या दांडीवरून चाचपत माझ्या मनगटापर्यंत आला आणि तिथे थांबला. बोटं गार होती.

"मधली नको सांगू," तो म्हणाला. "नाल्याकडची ओळ सांग."

मी त्याच्याकडे बघितलं. तो समोर बघत होता, डोंगराकडे. हे त्याला कधीपासून माहीत आहे, हे विचारायचा धीर झाला नाही. या दोन हिवाळ्यांत माझ्या किती उत्तरांवर तो असाच गप्प राहिला होता, ते मी मोजू लागलो आणि सोडून दिलं.

मी उठलो. खुर्ची उचलली आणि त्याच्या पुढ्यात, मधोमध, जिथे मी त्याला दिसतो तिथे ठेवली. रामशेज माझ्या पाठीमागे गेला. मी बसलो.

"सांगतो," म्हणालो. तो माझ्या तोंडाकडे बघत थांबून राहिला.